यादवीचा अभ्यास प्रकरणांत वाटू नका, राजधान्यांत वाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीच्या राज्यशास्त्र वर्गात गटकार्याला अंतर्गत गुण असतात, आणि ‘गृहयुद्धांचा आंतरराष्ट्रीय राजकारणावर होणारा परिणाम’ हा त्यातला हमखास दिला जाणारा विषय. मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत हे काम एकाच साच्यातून निघते. सहा जणांचा गट असतो. प्रस्तावना एकाकडे, कारणे दुसऱ्याकडे, घटनाक्रम तिसऱ्याकडे, परिणाम चौथ्याकडे. पाचवा निष्कर्ष लिहितो आणि सहावा टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून आणतो. तोंडी परीक्षेत परिणामांविषयी विचारले की पाच जण चौथ्याच्या तोंडाकडे पाहतात.

याचे खापर मुलांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. आमच्या मते दोष वाटणीत आहे. ज्याच्याकडे ‘परिणाम’ आले त्याला घटनाक्रमातल्या तारखा ठाऊक नसतात आणि ज्याच्याकडे घटनाक्रम आहे त्याला बाहेरच्या देशांशी देणेघेणे नसते. मग दहापैकी आठ पाने ‘अमेरिकेने हस्तक्षेप केला, रशियाने शस्त्रे दिली’ यातच भरतात. हा तर बाहेरच्या राजकारणाचा यादवीवर झालेला परिणाम झाला. विचारले होते नेमके उलटे: यादवीमुळे बाहेर काय बदलले? कोणता करार झाला, कोणाचे मत फिरले, कोणती सीमा उघडली, कोणता व्यापारमार्ग बंद पडला?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, विषय प्रकरणांत न वाटता राजधान्यांत वाटावा. एक गट, एक यादवी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या यादवीकडे पाहणारी एकेक राजधानी. पहिल्यांदा करणाऱ्या गटाने १९७१चा पूर्व पाकिस्तान घ्यावा, कारण साहित्य भरपूर आहे आणि काही मराठीतही मिळते. इस्लामाबाद, दिल्ली, वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग आणि सहावी जागा न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांची. सहा जण, सहा खुर्च्या.

त्याआधी एक तास व्याख्येला द्यावा लागतो, नाहीतर पुढचे सगळे वाहून जाते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक माहितीसंच एका वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर ‘सशस्त्र संघर्ष’ म्हणतो आणि १,००० झाले तर ‘युद्ध’. अमेरिकेतला ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ हा प्रकल्पही हजाराचाच आकडा धरतो, पण दुर्बळ बाजूने परिणामकारक प्रतिकार केलेला असावा अशी अट घालतो. ही अट महत्त्वाची आहे. एकतर्फी कत्तल भयंकर असते, पण तिला यादवी म्हणत नाहीत. एका बाजूला त्या देशाचे सरकार असणे आणि लढाई मुख्यतः त्याच देशाच्या भूमीवर असणे, या दोन चाळण्याही लावाव्यात. २०२२पासूनचे युक्रेन या चाळणीतून खाली पडते, ते दोन देशांमधले युद्ध आहे. त्याआधीच्या आठ वर्षांतल्या दोन्बासवर, म्हणजे पूर्व युक्रेनमधल्या लढाईवर, मात्र वर्गात खुशाल भांडावे. १९७१ची गोष्टही दोन तुकड्यांची आहे. २५ मार्चपासून ती यादवी आणि ३ डिसेंबरपासून भारत-पाकिस्तान युद्ध. हा सांधा गटाने पहिल्याच दिवशी खुणेने दाखवला नाही, तर शेवटी सगळे ‘बांगलादेश युद्ध’ या एका डब्यात जाते.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येकाने वीस चिठ्ठ्या करायच्या. ए-फोर कागदाचे चार भाग केले की पोस्टकार्डाच्या मापाची चिठ्ठी होते, तेव्हा सहा जणांच्या १२० चिठ्ठ्यांना ३० कागद पुरतात. कडेला स्केचपेनने रंग ओढावा, राजधानीगणिक वेगळा. दर्शनी बाजूला तारीख, कोणी, काय केले, फक्त एका वाक्यात. मागे संदर्भ, म्हणजे पान किंवा दस्तऐवजाचा क्रमांक, आणि त्याखाली ‘याआधी काय स्थिती होती’ ही एक ओळ. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या या ओळीवरच अडतात, आणि अडायलाच हव्यात. आधीची स्थिती माहीत नसेल तर बदल झाला हे कशावरून म्हणायचे? दर्शनी बाजूवर ‘प्रभाव पडला’, ‘तणाव वाढला’, ‘चिंता व्यक्त झाली’ असले शब्द चालणार नाहीत. सही केली, मत दिले, जहाज पाठवले, पैसे दिले, सीमा बंद केली अशी कृती पाहिजे. तारीख नसलेली चिठ्ठी परत.

तिसऱ्या आठवड्यात जोडतास घेऊन चिठ्ठ्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडायच्या. मार्च ते डिसेंबर असे दहा महिने, प्रत्येकाला फरशीची एक रांग. (पंखे बंद ठेवावेत. उन्हाळ्यात हे जीवावर येते, पण दुसरा इलाज नाही.) १९७१च्या मांडणीत काय दिसते ते पाहा. ९ जुलैला अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला जातात, १५ जुलैला राष्ट्राध्यक्ष निक्सन ती भेट जाहीर करतात, ९ ऑगस्टला दिल्लीत भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या होतात. दिल्लीचा विद्यार्थी आणि वॉशिंग्टनचा विद्यार्थी आपापल्या वहीत हे वेगवेगळे लिहीत असतात. जमिनीवर त्या चिठ्ठ्या शेजारी येतात आणि दोघे एकदम बोलू लागतात. प्रकरणवार वाटणीत ही वेळ कधीच येत नाही.

पण शेजारी आल्या म्हणून लगेच कारण-परिणाम दाखवणारा दोरा बांधायचा नाही. बहुतेक गट इथेच घसरतात. एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत दोरा ओढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. परिणाम म्हटलेली घटना खरोखर नंतरची आहे का? तो देश स्वतः कुठे, म्हणजे करारात, भाषणात, संसदेतल्या निवेदनात, तिचा यादवीशी संबंध जोडतो का? आणि ती गोष्ट यादवीच्या आधीपासूनच शिजत नव्हती ना? तिन्ही प्रश्नांतून पार झाली तर लाल दोरा, दोनच जमले तर पांढरा, नाहीतर दोरा नाही. भारत-सोव्हिएत कराराची बोलणी १९६९पासून सुरू होती. म्हणजे करार ‘यादवीमुळे झाला’ हे विधान टिकत नाही; यादवीमुळे, आणि वॉशिंग्टन-बीजिंग जवळिकीच्या धक्क्यामुळे, तो ऑगस्टमध्ये घाईने झाला आणि त्यातल्या नवव्या कलमाला धार आली, हे टिकते. आक्रमण झाल्यास किंवा तसा धोका दिसल्यास दोघांनी तातडीने विचारविनिमय करायचा, असे ते कलम सांगते. अमेरिका-चीन जवळिकीचे तर उलटेच आहे. ती यादवीने घडवली नाही. पाकिस्तान त्यात मध्यस्थ होता म्हणून वॉशिंग्टनने ढाक्यातल्या कत्तलीकडे काणाडोळा केला. तो दोरा उलट्या दिशेने जातो.

निर्वासितांची चिठ्ठी दिल्लीच्या वाट्याला येते आणि तीच सगळ्यांत जड. सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचे जादा ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट लावावे लागे. जुन्या घरांतल्या पेट्यांमध्ये त्या काळातली पत्रे असतील तर मुलांनी जरूर पाहावीत. यादवीचा परिणाम परभणी-हिंगोलीच्या टपालापर्यंत कसा पोचला, याचा तो हातात धरता येणारा पुरावा आहे.

संयुक्त राष्ट्रांची खुर्ची मुले टाळतात, कारण कागद इंग्रजीत आणि रुक्ष. ती गटातल्या सगळ्यांत चिकाटीच्या विद्यार्थ्याला द्यावी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत तीनदा नकाराधिकार वापरला. ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने १०४ मते पडली, विरुद्ध ११, तटस्थ १०. भारताच्या बाजूने उभे राहणारे जगात किती थोडे होते हे या एका ओळीत कळते आणि ‘सारे जग आपल्या पाठीशी होते’ हा पाठ केलेला परिच्छेद आपोआप गळून पडतो. बीजिंगच्या खुर्चीसाठी इथे मोठा ऐवज आहे. चीनच्या जनवादी सरकारला संयुक्त राष्ट्रांतली जागा मिळाली २५ ऑक्टोबर १९७१ला, आणि त्याने पहिला नकाराधिकार वापरला तो ऑगस्ट १९७२मध्ये, बांगलादेशाचा प्रवेश रोखण्यासाठी. बांगलादेश सदस्य झाला १७ सप्टेंबर १९७४ला. तारीख आपल्या ओळखीची आहे, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची; योगायोगच.

ओळखीच्या त्या तारखेवरून एक सूचना. गटांपैकी एकाने १९४८चे हैदराबाद घ्यावे. ती व्याख्येनुसार यादवी होती का, हाच पहिला वाद: रझाकार, स्टेट काँग्रेसचा लढा आणि त्यांचे सरहद्दीवरचे कँप, तेलंगणातला कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव, हे सगळे एकाच संस्थानाच्या हद्दीत चालू होते. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गवर आली. पॅरिसमध्ये परिषदेची बैठक भरली १६ला. १७ला निजामाने शरणागती जाहीर केली. तिथल्या चर्चेचा गाभा आजच्या प्रत्येक यादवीत पुन्हा येतो: हा घरचा मामला आहे की आंतरराष्ट्रीय? सनदेचे कलम २, उपकलम ७ परिषदेला देशांतर्गत बाबींत शिरू देत नाही, आणि हैदराबाद हे मुळात ‘राज्य’च (म्हणजे सार्वभौम देशच) नाही म्हणून त्याला तक्रारीचा हक्क नाही, ही भारताची बाजू होती. शस्त्रांच्या दोऱ्यासाठी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची कराचीहून होणारी विमानफेरी आहे. पैशाच्या दोऱ्यासाठी निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांकडे वळवलेले दहा लाखांहून थोडे जास्त पौंड. त्याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ला दिला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पाच दिवसांच्या कारवाईचा आंतरराष्ट्रीय वाद ७१ वर्षे चालतो, हे मुलांना सांगावे लागत नाही, तारखांच्या दोन चिठ्ठ्याच सांगतात. मात्र हा विषय घेणाऱ्या गटाने रझाकारांचे अत्याचार लिहावेत तसा कारवाईनंतरच्या हिंसेवरचा सुंदरलाल समितीचा अहवालही वाचावा. उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे त्यात आहेत. अर्धा पुरावा झाकून केलेला अभ्यास इतर ठिकाणी चालत नसेल तर इथेही चालू नये.

व्यापाराच्या दोऱ्याबाबत लातूर, जालन्याच्या विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईपेक्षा जास्त वाव आहे, आणि चुकायलाही जास्त वाव आहे. भारतात आयात होणारा उडीद मुख्यतः म्यानमारमधून येतो. आयातीची तूर येते मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमारमधून. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता घेतली आणि देशभर सशस्त्र प्रतिकार पेटला. १५ मे २०२१ला भारताने तूर, उडीद, मुगाची आयात मुक्त केली. जूनमध्ये म्यानमारशी समझोता झाला: पाच वर्षे, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. त्याच जूनच्या १८ तारखेला म्यानमारविषयीच्या ठरावावर आमसभेत ११९ मते बाजूने पडली, एक विरुद्ध, आणि तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता. एवढ्या चिठ्ठ्या एका रांगेत आल्या की गट उड्या मारत लाल दोरा आणतो: डाळीसाठी भारत गप्प बसला!

तीन प्रश्न लावा. आयात मुक्त करण्यामागे देशातले वाढते दर होते, यादवी नव्हे. तटस्थतेमागे डाळ असलीच तर किरकोळ. १,६४३ किलोमीटरची सीमा, तिच्या पलीकडचे ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ आणि तिथला चीनचा वावर ही कारणे कितीतरी वजनदार आहेत. यादवीचा अस्सल परिणाम पुढे दिसतो. कोलकात्याहून म्यानमारमार्गे मिझोरामला जोडणाऱ्या कलादान मार्गाचा करार भारताने २००८मध्ये म्यानमार सरकारशी केला होता. जानेवारी २०२४मध्ये त्या मार्गावरचे पलेत्वा गाव अराकान आर्मी या बंडखोर सेनेने घेतले. आता रस्ता हवा तर बोलायचे कोणाशी? सरकारशी करार असताना भूमी बंडखोरांकडे असणे, ही यादवीने परराष्ट्र खात्यापुढे टाकलेली खरी अडचण, आणि इथे लाल दोरा बिनधास्त बांधावा.

आडतीवरचे भाव वापरायचे असतील तर बाजार समितीचा महिन्याचा सर्वसाधारण दर, त्या वर्षीचा पाऊस आणि आयातधोरण बदलल्याच्या तारखा, हे तीन तक्ते एकाखाली एक काढावेत. पाऊस आणि धोरणाने जो चढउतार समजतो तो आधी बाजूला काढावा. उरला तर उरलेल्याबद्दल यादवीला विचारावे. बहुधा फार काही उरत नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट तांबड्या समुद्राचे प्रकरण स्वच्छ आहे. येमेनच्या यादवीतल्या हुथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३पासून जहाजांवर हल्ले सुरू केले, युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतल्या निर्यातदाराकडे आधीच्या आणि नंतरच्या कंटेनरभाड्याची बिले असतात. नाव झाकून आकडे द्यायला बरेच जण तयार होतात. येमेनची राजधानी सना हिचा ताबा हुथींनी घेतला तो सप्टेंबर २०१४मध्ये, म्हणजे हा दोरा नऊ वर्षे लांब आहे.

कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांसाठी अमेरिकेचे १८६१-६५चे गृहयुद्धही उत्तम. लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचा फुगा फुगून १८६५ला फुटला. हे सगळ्यांना सांगता येते. राज्यशास्त्राचा भाग मात्र ‘अलाबामा’ जहाजात आहे. दक्षिणेसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या या जहाजाने उत्तरेची व्यापारी जहाजे बुडवली, आणि १८७२मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. तटस्थ देशाची जबाबदारी कुठवर, याचे उत्तर एका यादवीने आंतरराष्ट्रीय कायद्यात घातले ते असे.

दोन गट एकमेकांना जोडायचे असतील तर लिबिया आणि सीरिया. सुरक्षा परिषदेचा लिबियावरचा १७ मार्च २०११चा ठराव (क्रमांक १९७३) दहा मतांनी संमत झाला, विरोधात कोणी नाही, पाच तटस्थ: रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील, भारत. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली परवानगी गद्दाफींची सत्ता उलथण्यापर्यंत गेली, अशी रशिया-चीनची तक्रार झाली, आणि ४ ऑक्टोबर २०११ला सीरियावरचा मसुदा दोघांनी मिळून अडवला. लिबियाच्या गटाची शेवटची चिठ्ठी ही सीरियाच्या गटाची पहिली.

चौथ्या आठवड्यात खुर्च्या बदलाव्यात. दिल्लीवाल्याने बीजिंगची बाजू मांडायची, आणि तीही बीजिंगवाल्याच्याच चिठ्ठ्यांवरून. चिठ्ठी नीट लिहिली आहे की नाही हे दुसऱ्याला ती वापरता येते का यावरून कळते, शिवाय एकाने सगळे करून पाच जणांनी सही करण्याची सोय उरत नाही. मृतांच्या आकड्यांवर भांडणे होतातच. तिथे एक आकडा निवडू नये, कोणी सांगितला ते लिहून किमान आणि कमाल दोन्ही द्यावेत. चॅटबॉटला विचारून आणलेले ठरावक्रमांक तर एकेक तपासावेत. ठरावाचा क्रमांक खरा आणि मजकूर भलताच, असे प्रकार सर्रास होतात. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मूळ ठराव फुकट उघडतो, दोन मिनिटांचे काम आहे.

गुण चाळीस असतील तर आमचा हिशेब असा: स्वतःच्या चिठ्ठ्यांना पंधरा, बदललेल्या खुर्चीवरच्या तोंडी परीक्षेला पंधरा, एकत्रित लेखनाला दहा. लेखन आठ पानांच्या वर नको. त्यात प्रत्येक लाल दोऱ्याला एक परिच्छेद, आणि शेवटी न बांधलेल्या दोऱ्यांचे एक पान: काय परिणाम वाटला होता आणि का सोडला. परीक्षकाने हे पान आधी वाचावे. गटाने काम केले की नाही ते तिथेच कळते.

शेवटी आपल्यासारख्या दैनिकांना एक विनंती. १९४८ आणि १९७१चे बांधीव अंक जिथे जपले आहेत तिथे विद्यार्थ्यांना, प्राध्यापकाच्या पत्रावर, आठवड्यातून एक दुपार बसू द्यावे. कागद ठिसूळ झालेला असतो, तेव्हा झेरॉक्स मागू नये, फ्लॅश न वापरता मोबाइलवर फोटो काढावा, आणि अंकाची तारीख फोटोच्या चौकटीत आली आहे हे पाहूनच पान उलटावे.

आपले,
राज्यशास्त्राचे काही अध्यापक
छत्रपती संभाजीनगर, लातूर व नांदेड